नव्या यंत्राचा सोस : भुईगांवचा एक मुक्काम

वसई रोड स्टेशनावर उतरून पश्चिमेकडे जाणाऱ्या बसमध्यें बसलें म्हणजे पहिला मैल-दीड मैल शहराच्या गर्दींतच जातो. उंच इमारती, दुकानें, रिक्षा यांतून वाट काढतां काढतां प्रवाशाची अशी समजूत होऊं लागते कीं, ज्या वसईच्या वाड्यांविषयीं वडील माणसें एवढ्या कौतुकानें बोलत असत, ती वसई आतां बोलण्यापुरतीच उरली. परंतु थोडा धीर धरावा. रस्ता हळूहळू अरुंद होतो, दोहों बाजूंनीं केळींचीं पानें डोकावूं लागतात, एखादें पांढरें चर्च, एखादें कौलारू देऊळ मागें पडतें, आणि पाऊण तासाच्या आंत आपण भुईगांवांत उतरतों.

समुद्राच्या इतक्या जवळ असून येथील विहिरींना गोडें पाणी कसें, असा प्रश्न नवख्यास पडतो. त्याचें उत्तर बावखल या शब्दांत आहे. वसईबाहेर हा शब्द क्वचितच ऐकूं येतो. बावखल म्हणजे वाड्यांच्या मधोमध खणलेलें लहानसें तळें. पावसाचें पाणी त्यांत सांठतें, जमिनींत मुरतें, आणि आसपासच्या विहिरींत खारें पाणी शिरूं देत नाहीं. या पाण्यावर केळी, नारळ, पानवेली आणि मोगरा पिढ्यान् पिढ्या वाढत आले. या पट्ट्यांत सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती शेजारीं शेजारीं राहतात, आणि दोघांची घरची बोली एकच : कादोडी. कान देऊन ऐकलें तर अर्धीअधिक समजते. उरलेली समजली असें दाखवावें लागतें.

गांव संपलें कीं सुरूचें बन लागतें आणि बनापलीकडे वाळूचा लांबरुंद किनारा. मी गेलों तो पौषाचा आरंभ होता. नाताळ नुकताच झाला होता, कांहीं दारांवरचे कागदी तारे अजून उतरावयाचे होते, आणि लग्नांची धांदल सुरू झाली होती. त्यामुळें विश्रांतीसाठीं आलेल्या माझ्या कानांस मात्र विश्रांति मिळाली नाहीं. पहांटे चर्चची घंटा, दिवसभर सुरूच्या पानांतून वाऱ्याचा एक न संपणारा सुस्कारा, सायंकाळीं कोठें तरी लग्नघरीं पितळी वाद्यांचा बँड. हा बँड वसईच्या ख्रिस्ती लग्नांचा प्राणच. दुरून ऐकावा तर मोठा गोड लागतो; जवळून ऐकण्यास तरुण वय पाहिजे.

घंटांवरून आठवलें. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई सर केली, तेव्हां येथील चर्चमधल्या कांहीं घंटा विजयाचें चिन्ह म्हणून घाटावर नेण्यांत आल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्यांतील एक आजही टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हें साल असून बाळ येशूसह मेरीची आकृति आहे. भीमाशंकरासही अशीच एक घंटा पाहावयास मिळते. तीनशें वर्षें झालीं, घंटा तीच आणि नादही तोच. याहून स्वच्छ वाजणारी घंटा बाजारांत आली आहे म्हणून मेणवलीकरांनीं ती बदलण्याचा विचार केल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. हा विचार माझ्या मनांत यावयास कारण झाले माझे यजमान.

माझे आतेभाऊ अण्णा मुंबईची नोकरी संपल्यावर धाकट्या भावासह येथें वाडी करून राहिले. दोघे भाऊ, दोघी जावा, मुलगा, सून, तीन नातवंडें, आणि सर्वांच्या वर शहाण्णव वर्षांची माझी आत्या, असें हें भरलें घर आहे. ओटीच्या उजव्या हाताची खोली अण्णांची. तिला घरांत ‘गाण्याची खोली’ म्हणतात, तरी तिच्यांत गाण्यापेक्षां यंत्रेंच अधिक आहेत. भिंतीशीं दोन पुरुषभर उंचीचे स्पीकर, मधें तीन मजली मांडणीवर निरनिराळे पेटारे, आणि सर्वांत वर रात्रीं समईसारखा तांबूस उजेड देणारा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर. पोटमाळ्यावर जुन्या यंत्रांचें दुसरें एक बिऱ्हाड आहे. वहिनींना मीं सहज विचारलें, “खोली छान सजली आहे हो!” त्या म्हणाल्या, “सजेल नाहीं तर काय! आंत माझ्या चार पाटल्या वाजताहेत.”

अण्णांच्या घरीं प्रथम आला तो त्यांच्या वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ. पुढें १९६८ सालीं पहिल्या पगारांतून त्यांनीं फितीचा टेपरेकॉर्डर घेतला, त्याच्या दोन मोठ्या चक्रांवरून फीत फिरत असे. १९७६ सालीं रेकॉर्ड-प्लेअर आला, १९८३ सालीं कॅसेटचें यंत्र, १९९१ सालीं सीडी, मग पांच बाजूंनीं पांच स्पीकर. दर वेळीं लॅमिंग्टन रोडच्या वाऱ्या. त्या रस्त्याला आतां डॉ. भडकमकरांचें नांव आहे, पण सुटे भाग शोधणारांच्या तोंडीं जुनेंच नांव बसलें आहे. शेवटीं दहा वर्षांपूर्वीं अण्णांनीं पांचही स्पीकर काढून टाकले आणि पुन्हां काळ्या तबकड्या व व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आणला. पन्नास वर्षांची प्रदक्षिणा करून ते वडिलांच्या रेडिओपाशींच आले, असें म्हणावयास हरकत नाहीं. मात्र वडिलांच्या त्या रेडिओच्या किंमतींत हल्लीं या अँप्लिफायरची एक तारही येणार नाहीं.

हा केवळ पैसे उडविण्याचा नाद आहे, असें म्हणून घरांतील माणसें मोकळीं होतात. मला तें पटत नाहीं. अण्णा स्वभावानें काटकसरी आहेत. त्यांचा सदरा बाहीला विरेपर्यंत अंगावर असतो. मग हाच एक सोस कां?

त्यांतलें एक कारण भुईगांवच्या हवेंत आहे, आणि तें प्रामाणिक कारण आहे. खारी, दमट हवा तांब्याच्या व चांदीच्या जोडांवर पुटें चढविते, स्पीकरच्या कडेला लावलेला स्पंज दहा-पंधरा वर्षांत चुरा होऊन गळतो, कागदी पडदा ओल धरतो. येथें यंत्र मुंबईपेक्षां लवकर म्हातारें होतें. परंतु पोटमाळ्यावरचीं अर्धीं यंत्रें बिघडलेलीं नाहींत; तीं नुसतीं पदच्युत झालीं आहेत. तेव्हां कारण हवेपलीकडे शोधलें पाहिजे.

हा सोस आजचा नव्हे. अमेरिकेंत एडिसनच्या कंपनीनें १९१५ पासून गांवोगांव जाहीर परीक्षा मांडल्या होत्या. रंगमंचावर गायिका उभी राहून गाई, शेजारीं तिच्याच आवाजाची तबकडी वाजत असे, मध्येंच दिवे मालवीत, आणि आतां गातें आहे तें माणूस कीं यंत्र, हें श्रोत्यांनीं ओळखावयाचें. कित्येक ठिकाणच्या वर्तमानपत्रांनीं भेद कळत नसल्याची ग्वाही दिली. (गायिकाही यंत्राच्या बेतानें आवाज आवरून घेत, हें मागाहून उघड झालें.) तीच तबकडी आज लावली तर कोणी डब्यांत तोंड घालून गात आहे असें वाटेल. १९१५ च्या श्रोत्यांचे कान आपल्याहून वाईट नव्हते. त्यांनीं याहून चांगलें कांहीं ऐकलेलें नव्हतें, एवढेंच. पुढें १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला, १९४८ सालीं जादा वेळ चालणारी मोठी तबकडी, १९८२ सालीं सीडी. आणि प्रत्येक पायरीवर आदल्या दिवसापर्यंत परिपूर्ण वाटलेलें यंत्र एका रात्रींत सदोष ठरलें.

हौशी मंडळींचे वादही जुनेच आहेत. लंडनमध्यें कॉम्प्टन मॅकेंझी या कादंबरीकारानें १९२३ सालीं ‘ग्रामोफोन’ नांवाचें मासिक काढलें. त्या काळचे हौशी पोलादी सुई बरी कीं तंतुमय बांबूची, यावर हमरीतुमरीनें वाद करीत. कांहीं कारागीर हातानें ग्रामोफोन बनवीत. त्यांचे कागदाच्या लगद्याचे कर्णे इतके अवाढव्य असत कीं, खोलींत कर्णा ठेवला आहे कीं कर्ण्यांत खोली, हें सांगणें कठीण. आपल्याकडेही दर तबकडीस नवी सुई लावावी असा दंडक होता. बालगंधर्वांच्या पदांच्या तबकड्या ज्या घरांत होत्या, तेथें सुयांची ती चिमुकली पत्र्याची डबी घरांतील एकच माणूस हाताळीत असे. अण्णांचे वडील तसे होते.

कानाच्याही कांहीं खोडी आहेत. फ्लेचर व मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं दाखवून दिलें कीं, आवाज लहान असला म्हणजे कानास खर्ज फारच क्षीण ऐकूं येतो, आणि आवाज वाढतांच तो भरून येतो. त्यामुळें दोन यंत्रांपैकीं एक किंचित् मोठ्यानें वाजत असेल तर तें ‘मोठें’ वाटत नाहीं, तें ‘अधिक भरदार’ व ‘अधिक स्वच्छ’ वाटतें. दुकानदारास ही खोड पुस्तकावांचून ठाऊक असते. शिवाय नादाची तंतोतंत आठवण मनांत फार थोडा वेळ टिकते. दुकानांत ऐकलेलें यंत्र आणि घरीं असलेलें यंत्र यांची तुलना करणारा मनुष्य खरें पाहतां एका आवाजाची तुलना एका इच्छेशीं करीत असतो. आणि वयाचा हिशेब तर सांगवत नाहीं. लहानपणीं सेकंदास वीस हजार कंपनांपर्यंतचा स्वर ऐकणारा कान साठीपुढें बहुधा बारा हजारांच्या वर जात नाहीं. ज्या वयांत असलीं यंत्रें घेण्यास पैसा हातीं येतो, त्या वयांत त्यांचा वरचा चतकोर ऐकण्याची शक्ति गेलेली असते. हें मीं अण्णांना सांगितलें तेव्हां ते म्हणाले, “म्हणून तर उरलेला पाऊण भाग चांगला ऐकावयास नको कां?” यावर मला कांहीं बोलतां आलें नाहीं.

मी असतांना एक गंमत झाली. पाहुण्यांची दाटी झाल्यामुळें वहिनींनीं पांच-सहा गाद्या दिवसां अण्णांच्या खोलींत भिंतीला उभ्या करून ठेविल्या. दुपारीं अण्णांनीं तबकडी लावली आणि एकदम उठून उभे राहिले. सारंगी आणि तबला वेगवेगळे, स्पष्ट ऐकूं येत होते. नेहमींचा घुमारा नव्हता. कोऱ्या गिलाव्याच्या भिंती आणि गुळगुळीत फरशी यांवरून आवाज परतत असतो. गाद्यांनीं तो शोषून घेतला. लाखभर रुपयांच्या यंत्रानें झाला नसता एवढा पालट कापसानें फुकट केला. अण्णांनीं तो मोकळेपणीं कबूलही केला. मात्र मला नवल वाटलें तें पुढचें. या शोधाचा त्यांना आनंद झाला, पण तो तेथेंच निवाला. तिसऱ्या दिवशीं ते पुन्हां एका नव्या सुईच्या माहितीपत्रकांत डोकें घालून बसले होते.

त्या तिसऱ्या दिवशीं मला या सोसाचा उलगडा झाला असें वाटतें. नवें यंत्र घरीं आलें म्हणजे अण्णा आठ-पंधरा दिवस आपल्याजवळच्या साऱ्या तबकड्या आरंभापासून पुन्हां ऐकतात. दार लोटून, हातांतलें काम टाकून, ऐकतात. माहितींतल्या ठुमरींत पूर्वीं न ऐकलेली तानपुऱ्याची एक तार सांपडते, एखाद्या ठिकाणीं गवयानें घेतलेला श्वास ऐकूं येतो. मग कान सरावतो, आणि यंत्र खोलींतील कपाटासारखें होऊन जातें. तें वाजत असतें आणि अण्णा वर्तमानपत्र वाचत असतात. नव्या यंत्राबरोबर विकत मिळतें तें हें आठ दिवसांचें अवधान. गाद्यांनीं आवाज सुधारला, पण गाद्या कांहीं पेटाऱ्यांतून येत नाहींत, त्यांची वाट पाहावी लागत नाहीं, म्हणून त्यांच्याबरोबर तें अवधान आलें नाहीं. आणि एक वस्तु नवी झाली कीं शेजारची जुनी दिसूं लागते, ही तर सार्वत्रिक गोष्ट आहे. दिदेरो या फ्रेंच तत्त्ववेत्त्यानें १७६९ च्या सुमारास आपल्या जुन्या अंगरख्याविषयीं एक निबंध लिहिला. नवा भरजरी अंगरखा आला, त्यापुढें मेज दरिद्री दिसूं लागलें, मग खुर्ची, मग भिंतीवरचीं चित्रें. अण्णांच्या स्पीकरनीं अँप्लिफायर मागविला आणि अँप्लिफायरनें तारा.

येथवर सारें हसण्यावारीं नेतां येतें. परंतु या प्रदक्षिणेंत एक गोष्ट मागें राहिली होती, आणि ती माझ्याही जिव्हाळ्याची होती.

१९६९ सालीं माझ्या धाकट्या आत्याचें लग्न दादरच्या घरीं झालें. घाणा भरण्याच्या दिवशीं जात्यावर हळद दळण्यास माझी आजी बसली आणि तिनें ओव्या म्हटल्या. नवा टेपरेकॉर्डर घेतलेल्या अण्णांनीं त्या मुद्रित केल्या. आजीचा दुसरा कोणताही आवाज आमच्या कुळांत नाहीं. ती फीत पांच इंची चक्रावर गुंडाळलेली, एका पत्र्याच्या पेटींत आत्याच्या लुगड्यांखालीं आहे. पण १९८३ सालीं कॅसेटचें यंत्र घेतांना अण्णांनीं जुना टेपरेकॉर्डर बदल्यांत देऊन टाकला. त्या दिवशीं ती फीत मुकी झाली. पुढें चाळीस वर्षें घरांत एकाहून एक सरस यंत्रें आलीं, आणि त्यांतील एकालाही आजीचा आवाज काढतां येईना. आत्या दर वर्षीं एकदां तरी विचारी. अण्णा ‘पाहूं या’ म्हणत.

असल्या आवाजांचें मोल आपल्याकडे उशिरां कळूं लागलें. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांनीं गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत महाराष्ट्रांतील खेडोपाडीं फिरून जात्यावरच्या ओव्या एक लाखाहून अधिक संख्येनें गोळा करविल्या आणि पुष्कळशा मुद्रितही केल्या, म्हणून त्या आज ऐकतां येतात. घरगुती फितींना असा वाली नसतो. फीत जुन्या ॲसिटेटची असेल तर ती दमट हवेंत कुजते आणि तिला शिरक्यासारखा आंबूस वास येऊं लागतो. पॉलिएस्टरची असेल तर पुष्कळ टिकते. आत्यानें पेटी उघडली तेव्हां मीं प्रथम वास घेतला. डांबराच्या गोळ्यांचा होता, आंबूस नव्हता.

हौशी लोकांची एक दुसरी जातही आहे, आणि तिचे उपकार मानले पाहिजेत. मुंबईंत १९९० सालीं ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था निघाली, ती या जातीच्या लोकांची. हे संग्राहक नव्या यंत्रामागें धांवत नाहींत. जुनी तबकडी वाजावी म्हणून ते जुनें यंत्र जिवंत ठेवतात, त्याचे पट्टे बदलतात, तेलपाणी करतात. अशाच एका वृद्ध गृहस्थांकडे अण्णा आणि मी ती फीत घेऊन गेलों. त्यांनीं ती अगोदर हातानें हळूहळू उलगडून पाहिली, यंत्राचें डोकें पुसलें, आणि सेकंदास पावणेचार इंच या गतीनें ती एकदांच वाजवून तिची प्रत करून दिली. मोबदला घेण्यास ते तयार होईनात. अण्णांनीं त्यांचें यंत्र पाहिलें आणि परतीच्या गाडींत विरारपर्यंत एक शब्द बोलले नाहींत. वसई मागें पडली तेंही आमच्या ध्यानांत आलें नाहीं, आणि तसेंच परत फिरावें लागलें.

रात्रीं जेवणें झाल्यावर सारें घर ओटीवर जमलें. नातवानें आपल्या फोनवर ती प्रत लावून आत्याच्या पुढ्यांत धरली. आत्यानें कानांतलें श्रवणयंत्र सारखें केलें. पातळ, दुरून आल्यासारखा आवाज निघाला. “आईच आहे,” ती म्हणाली. थोड्या वेळानें म्हणाली, “पण ही नुसतीच कां म्हणतेय? दळत नाहीं?”

अण्णा उठले. फोन घेऊन आपल्या खोलींत गेले, तारा जोडल्या, व्हॉल्व्ह तापेपर्यंत दोन मिनिटें थांबले, आणि सर्वांना आंत बोलाविलें. गाद्या भिंतीला होत्याच. प्रथम विजेची बारीक गुणगुण ऐकूं आली, मग कोणाच्या तरी बांगड्या, आणि मग खोलीच्या तळाशीं जड, गोल फिरणारी घरघर सुरू झाली. फोनच्या नखाएवढ्या पडद्यास जो खर्ज काढतां येत नव्हता तो त्या पुरुषभर उंचीच्या स्पीकरनीं काढला. म्हातारपणीं कानांतून बारीक स्वर आधीं जातात, जाड स्वर उशिरांपर्यंत राहतात; आत्यास जातें आमच्याइतकेंच स्वच्छ ऐकूं आलें असावें. तिचा उजवा हात मांडीवर फिरूं लागला.

“मूठ मोठी घालतेय,” ती मधेंच म्हणाली. “बघ, जड झालं. नेहमीं असंच करायची.”

खरोखरच त्या ठिकाणीं जात्याची गति मंदावली होती, आणि ओवीचें शेवटचें अक्षर लांबलें होतें. मला तें सांगितल्याशिवाय कळलें नसतें. अण्णा यंत्राशेजारीं उभे होते. त्यांनीं एकही कळ फिरविली नाहीं. बत्तीस मिनिटांनीं ती बाजू संपली, तेव्हां आत्यानें दुसरी बाजू लावावयास सांगितली. दुसऱ्या बाजूस अण्णांनीं रेडिओवरून घेतलेलें क्रिकेटचें धावतें वर्णन निघालें. तें ऐकण्यास एकटे अण्णाच मागें राहिले.